ड्युअल लेयर डीव्हीडीची प्रत साध्या ४.७ जीबीच्या डिस्कवर : आतली रचना, आकडेमोड आणि अडचणी

धूळपाटी

लग्न, मुंज, शाळेची संमेलनं, हौशी नाटकं यांच्या ड्युअल लेयर, म्हणजे दोन थरांच्या, डिस्क घरोघरी पडून आहेत आणि कोऱ्या ड्युअल लेयर डिस्क आता सहज मिळत नाहीत. साध्या सिंगल लेयर (एका थराच्या) डिस्क अजून मिळतात. तेव्हा मोठीतला ऐवज छोटीत कसा बसवायचा, हा या धाग्याचा विषय. स्वतःच्या चित्रीकरणांपुरतंच लिहितो आहे.

आधी माप. साध्या डीव्हीडीवर ४७० कोटी बाइट मावतात, ड्युअल लेयरवर साधारण ८५४ कोटी. विंडोज भागाकार १०२४ ने करतं म्हणून तिथे हेच आकडे ४.३७ आणि ७.९५ दिसतात. खोक्यावर ४.७ छापलंय आणि संगणक ४.३७ म्हणतो, यात कोणी फसवलेलं नाही. खाली सगळीकडे मी कंपनीचे, म्हणजे दशमान आकडे वापरलेत.

डिस्क उघडली की व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर दिसतो. शेजारी ऑडिओ_टीएस असतो, तो रिकामाच असतो, पण काही जुने प्लेअर तो नसला तर रुसतात, म्हणून ठेवावा. व्हिडिओ_टीएसमध्ये तीन जातीच्या फाइली :

व्हीओबी – खरा माल. चित्र, आवाज, सबटायटल एकत्र गुंफलेलं. एक फाइल १ जीबीच्या (इथे मात्र १०२४ च्या हिशोबाने) वर जाऊ शकत नाही. म्हणून मोठा कार्यक्रम _१, _२, _३ अशा तुकड्यांत दिसतो आणि भरलेला तुकडा बहुधा १,०७,३७,३९,७७६ बाइटचा असतो. हे तुकडे म्हणजे प्रसंग नव्हेत, फाइल नुसती मोजून तोडलेली आहे.

आयएफओ – कुठला भाग कुठे सुरू होतो, कुठलं बटण कुठे नेतं, आवाजाचे ट्रॅक किती, याची नोंदवही.

बीयूपी – आयएफओची तंतोतंत नक्कल. ओरखड्याने मूळ नोंदवही गेली तर प्लेअरने ही वाचावी म्हणून. डिस्कवरची चूक-दुरुस्ती १६ सेक्टरच्या, म्हणजे ३२ केबीच्या गठ्ठ्यात होते. त्यामुळे आयएफओ आणि तिची नक्कल एकाच गठ्ठ्यात आली तर नकलेचा उपयोग शून्य.

व्हिडिओ_टीएस नावाच्याच तीन फाइली म्हणजे मुख्य व्यवस्थापक, म्हणजे डिस्क घातल्यावर पहिल्यांदा दिसणारं ते. त्याखाली व्हीटीएस_०१, व्हीटीएस_०२ असे टायटल सेट, जास्तीत जास्त ९९. सेटमध्ये _० ची व्हीओबी म्हणजे त्या सेटचा मेनू आणि _१ पासून कार्यक्रम.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आयएफओमधल्या नोंदी वेळेच्या नसतात, सेक्टरच्या असतात. एक सेक्टर २०४८ बाइट. हेक्स एडिटरमध्ये व्हीटीएस_०१_० ची आयएफओ उघडून पाहा : पहिली १२ अक्षरं "डीव्हीडीव्हिडिओ-व्हीटीएस" अशी रोमन लिपीत स्वच्छ वाचता येतात आणि पुढे हेक्स सी४ या ठिकाणी चार बाइटमध्ये कार्यक्रमाची व्हीओबी सेटच्या सुरुवातीपासून कितव्या सेक्टरवर आहे ते लिहिलेलं असतं. शिवाय व्हीओबीच्या आतही दर अर्ध्या-एक सेकंदाला एक नॅव्ह पॅक येतो, त्यात पुढच्या-मागच्या उड्यांचे पत्ते असतात. म्हणजे व्हीओबी लहान केली की आतले आणि बाहेरचे सगळे पत्ते खोटे ठरतात. व्हीओबी कुठल्यातरी कन्व्हर्टरमधून काढून जुन्या आयएफओशेजारी परत ठेवली आणि प्लेअर अडकला, अशा तक्रारींचं मूळ इथे आहे.

---

फुलपात्र

छान. एक शंका : एकच एक चित्रफीत काढून घेऊन एमपी४ केली की झालं ना? मेनूबिनूचा व्याप कशाला?

---

धूळपाटी

पेनड्राइव्हवर पाहायचं असेल तर खुशाल करा. पण घरातली मोठी माणसं प्लेअरवर डिस्क टाकून "मंगलाष्टका" असं लिहिलेलं बटण दाबतात. त्यांच्यासाठी मेनू हवा. आणि डीव्हीडीवरचं चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं (फील्ड) मिळून एक फ्रेम होते. एमपी४ करताना घाईत डीइंटरलेस केलं तर निम्मी हालचाल कायमची जाते. मूळ प्रत आयएसओ स्वरूपात (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल) ठेवूनच जे काय करायचं ते करा.

---

मध्यलहर

धूळपाटी, आकडेमोड राहिली. मी टाकतो.

एक नमुना डिस्क धरा : एकूण ७.६० जीबी. त्यात २ तास १८ मिनिटांचा मुख्य कार्यक्रम, १२ मिनिटांची "क्षणचित्रं" (मुख्य कार्यक्रमातलेच तुकडे, वर गाणं) आणि पाव जीबीचा हलता मेनू. आवाज एलपीसीएम, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. स्टुडिओवाले आवाज न दाबताच टाकत, कारण सॉफ्टवेअरची ती मूळ सेटिंग असे.

बहुतेक जण ही डिस्क थेट डीव्हीडी श्रिंकमध्ये (डीव्हीडी दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर) टाकतात. आता बघा काय होतं. एलपीसीएमला सेकंदाला १५३६ किलोबिट लागतात. १५० मिनिटांत झाले १.७३ जीबी. श्रिंक आवाजाला हात लावत नाही, एकतर ठेवतं नाहीतर काढून टाकतं. थोडी जागा राखून ४.६७ धरली तर चित्राला उरले २.९४ जीबी, आणि मूळ चित्र ५.८७ चं. म्हणजे चित्र दाबून ५० टक्क्यांवर. नवरीच्या शालूवर चौकोन दिसणार.

तेच आधी आवाज एसी३ मध्ये (दाबलेल्या आवाजाचा प्रकार) १९२ किलोबिटला नेला तर १.५१ जीबी वाचतात. चित्राला धक्काही न लावता. क्षणचित्रं गाळली तर आणखी ०.४७. उरले ५.६२. मेनू ६० टक्क्यांवर दाबला, तिथे कोण बघतंय! हिशोब केला की मुख्य कार्यक्रमाचं चित्र साधारण ८४ टक्क्यांवर बसतं. ५० आणि ८४ मधला फरक टीव्हीवर कुणालाही दिसेल.

म्हणून चित्र दाबण्याआधी डिस्कवर दुसरं काय काय जागा खातंय ते पाहावं. दोन-दोन आवाजाचे ट्रॅक असतील तर एक काढा. १५० मिनिटांना डीटीएसचा (दाबलेल्या आवाजाचाच आणखी एक प्रकार) ७६८ किलोबिटचा ट्रॅक ०.८६ जीबी खातो.

---

रिकामा_रीळ

श्रिंक नेमकं करतं काय हे माहीत असलं की वरचे टक्के समजतात. ते चित्र पूर्ण उलगडून पुन्हा एनकोड करत नाही. एमपेग-२ (डीव्हीडीवरचं चित्र दाबण्याची पद्धत) मधल्या ८ गुणिले ८ च्या ठोकळ्यांचे जे गुणांक असतात, त्यांना जाडसर पायऱ्यांवर आणतं. बारीक गुणांक शून्य होतात, बिट वाचतात. हालचालीची माहिती तशीच राहते, फ्रेमची मांडणी तशीच राहते, म्हणून काम पटकन उरकतं. तोटा असा की एका फ्रेममधली चूक तिच्यावर बेतलेल्या पुढच्या फ्रेममध्ये वाहत जाते आणि पुढची पूर्ण फ्रेम आली की अचानक साफ होते. पाल (आपल्याकडची टीव्ही-पद्धत) डिस्कवर ही साखळी जास्तीत जास्त १५ फ्रेमची. त्यामुळे साधारण अर्ध्या सेकंदाला चित्र "धडधडतंय" असं वाटतं. ८५ च्या आसपास हे जाणवत नाही. ७० च्या खाली गेलात की पार्श्वभूमीवरचे पडदे, गुलाल, अक्षता यांत दिसायला लागतं.

७० च्या खाली जायचंच असेल तर श्रिंक सोडा आणि पूर्ण एनकोड करा. डीव्हीडी रीबिल्डर आणि एचसी एनकोडर ही जोडी मेनू जागेवर ठेवून हे काम करते. रात्रभर चालू दे. दोन फेऱ्यांची सेटिंग ठेवा : पहिल्या फेरीत कुठला भाग अवघड ते पाहिलं जातं, दुसरीत त्याप्रमाणे बिट वाटले जातात.

पूर्ण एनकोडमध्ये एक खड्डा आहे, फील्डचा क्रम. मिनीडीव्ही कॅमेऱ्याचं पाल चित्रीकरण बॉटम फील्ड फर्स्ट असतं. एनकोडरला टॉप सांगितलं तर वरातीत नाचणारे पुढे-मागे थरथरतात. संगणकावर ते दिसत नाही, जुन्या टीव्हीवर लगेच दिसतं. मूळ फाइलचा क्रम तपासा आणि तोच ठेवा.

---

फुलपात्र

मध्यलहर, आवाज एलपीसीएमचा एसी३ करायचा म्हणजे नेमकं कसं? पायऱ्या द्याल का? श्रिंकमध्ये तर तसं बटण सापडत नाही.

---

मध्यलहर

सापडणार नाही, नाहीच आहे. क्रम असा :

१. डिस्कवरून सगळा व्हिडिओ_टीएस फोल्डर हार्ड डिस्कवर घ्या. निदान २५ जीबी मोकळी जागा ठेवा, मधल्या फाइली बऱ्याच होतात.

२. पीजीसीडीमक्समध्ये व्हीटीएस_०१_० ची आयएफओ द्या, मुख्य पीजीसी (कुठले भाग कुठल्या क्रमाने चालवायचे त्याची यादी) निवडा. चित्र, आवाज, सबटायटल सुटे करा आणि सेलच्या (कार्यक्रमाचे छोटे तुकडे) वेळांची फाइल मागून घ्या. त्याच्या लॉगमध्ये आवाजाचा विलंब मिलिसेकंदात येतो, तो कागदावर लिहून ठेवा.

३. आवाज एफएफएमपेगने एसी३ करा. १९२ किलोबिट, ४८ किलोहर्ट्झ. सनई-चौघडा किंवा गाण्याचा कार्यक्रम असेल तर २५६ द्या, १५० मिनिटांना फक्त ७२ एमबी जास्त लागतात.

४. मक्समॅनमध्ये मूळ चित्र, नवा आवाज, सेलच्या वेळा द्या, विलंबाचा आकडा टाका आणि नवी व्हीओबी बनवा. सेलच्या वेळा विसरलात तर सगळा कार्यक्रम एका सेलमध्ये येतो आणि मेनूवरची प्रसंगांची बटणं कुठेच नेत नाहीत.

५. व्हॉबब्लँकरमध्ये मूळ फोल्डर उघडा, मुख्य पीजीसीच्या जागी नवी व्हीओबी द्या. क्षणचित्रांची पीजीसी इथेच कोरी करून घ्या. कोरी केलेली पीजीसी क्षणभर काळं दाखवून आपली शेवटची आज्ञा पाळते, म्हणजे बटण दाबलं तरी प्लेअर मेनूवर परत येतो, अडकत नाही. फाइल नुसती डिलीट केली तर अडकतो.

६. पीजीसीएडिटमध्ये त्या टायटल सेटची आवाजाची नोंद एलपीसीएमवरून एसी३ करा. ही पायरी टाळली तर व्हीएलसीवर आवाज येतो, कारण व्हीएलसी प्रवाह स्वतः ओळखतं. टीव्हीला जोडलेला प्लेअर मात्र नोंदवहीवर विश्वास ठेवतो आणि गप्प बसतो. संगणकावर आवाज, टीव्हीवर नाही, असं कोणी म्हणालं की पहिली शंका हीच घ्यायची.

७. मग श्रिंक. "डीप अ‍ॅनालिसिस" चालू ठेवा.

८. तयार फोल्डर व्हीएलसीमध्ये मेनूपासून चालवून पाहा, प्रत्येक बटण दाबा. मगच जाळा, म्हणजे कोऱ्या डिस्कवर लिहा.

---

चिंचोका

जाळण्याबद्दल थोडं. फोल्डर विंडोजमधून ओढून डिस्कवर टाकू नका. डीव्हीडी-व्हिडिओला यूडीएफ १.०२ आणि आयएसओ ९६६० अशी जोड फाइल-व्यवस्था लागते. विंडोज दुसरीच आवृत्ती लिहू शकतं. शिवाय फाइलींचा क्रमही ठरलेला आहे : आयएफओ, मग मेनूची व्हीओबी, मग कार्यक्रमाच्या व्हीओबी, शेवटी बीयूपी. पत्ते सेक्टरचे असल्यामुळे क्रम बदलला की सगळं कोसळतं. इमगबर्नच्या बिल्ड मोडमध्ये व्हिडिओ_टीएस दिला की तो हे सगळं स्वतः पाहतो, आयएफओ-बीयूपीमधलं अंतरही. लिनक्सवाल्यांनी जेनआयसोइमेजला डीव्हीडी-व्हिडिओचा पर्याय द्यायचा, तोही क्रम लावतो.

वेग : १६एक्सच्या डिस्कवर ८एक्स. आठ-नऊ मिनिटं लागतात. अगदी सावकाश, २एक्सवर जाळलं की टिकतं, हा समज १६एक्सच्या रंगद्रव्याला लागू नाही. ते मधल्या वेगासाठीच बनवलेलं असतं. आणि जाळताना ४.७ अगदी काठोकाठ भरू नका. बाहेरच्या कडेला रंगाचा थर असमान असतो, जुने प्लेअर शेवटच्या दहा मिनिटांत अडखळतात ते त्यामुळे. पाठवणी नेमकी तिथेच असते.

कोरी डिस्क डीव्हीडी प्लस आर घ्यावी की डीव्हीडी मायनस आर? मायनस आर किंचित मोठी आहे (४,७०,७३,१९,८०८ बाइट, प्लस आर ४,७०,०३,७२,९९२). डिस्कची प्रतिमा (आयएसओ) मायनसच्या मापाने काठोकाठ केली तर प्लसवर मावत नाही. फार जुन्या प्लेअरला मायनस बरी. प्लस वापरायची तर ड्राइव्ह परवानगी देत असेल तर बुकटाइप (डिस्कवरची तिच्या प्रकाराची नोंद) डीव्हीडी-रॉम करून घ्या. प्लेअरला वाटतं छापील डिस्क आहे.

कागदी गोल लेबल चिकटवू नका. तोल जातो, फिरताना घरघर येते आणि डिंक पुढे पापुद्रा उचलतो.

---

पाचवा_कोपरा

विकतच्या सिनेमाच्या डिस्कलाही हेच लागू का?

---

धूळपाटी

रचना तीच, पण तिच्यावर सीएसएसचं कुलूप असतं आणि विभागाचा आकडा असतो (भारत विभाग ५). आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं : हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप फोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्यामुळे तो विषय इथे नको. हा धागा घरच्या चित्रीकरणांसाठीच राहू दे.

---

फुलपात्र

मूळ डिस्कच नीट वाचली जात नाहीये. ६३ टक्क्यांवर कॉपी थांबते. काय करावं?

---

रिकामा_रीळ

थांबते तो आकडा बोलका आहे. ड्युअल लेयर डिस्कवर पहिला थर आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बाहेरून आत. ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास बाहेरच्या कडेला वळण येतं. तिथे अडत असेल तर दुसऱ्या थरावर लेझर नीट स्थिरावत नाहीये. आधी डिस्क पुसा : मऊ सुती कापड, मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. टूथपेस्टचे प्रयोग ड्युअल लेयरवर अजिबात नकोत.

मग दुसरा ड्राइव्ह. एका ड्राइव्हला न वाचलेली डिस्क दुसऱ्याला सहज वाचते, हे फार वेळा घडतं. दोन्ही ड्राइव्ह वापरून एकच प्रतिमा पुरी करता येते. डीडीरेस्क्यूला (बिघडलेल्या डिस्क वाचणारं सॉफ्टवेअर) सेक्टरचं माप २०४८ सांगा, पहिल्या फेरीत अवघड जागा सोडून पुढे जायला सांगा, नोंद-फाइल जपून ठेवा. दुसऱ्या ड्राइव्हवर तीच नोंद-फाइल दिली की तो फक्त राहिलेले सेक्टर मागतो.

तरीही काही सेक्टर शून्य राहिले तर व्हीओबीत भोकं पडतात. प्रोजेक्टएक्स अशी फाइल सुटी करताना तुटलेल्या फ्रेम गाळतं आणि आवाजाचा मेळ लावतं. नॅव्ह पॅक गेला असेल तर त्या फाइलची पुन्हा बांधणीच करावी लागते, म्हणजे मध्यलहर यांची चौथी पायरी.

---

चिंचोका

हँडीकॅमच्या ८ सेंमीच्या छोट्या डिस्क असतील तर : संगणकाने "कोरी आहे" म्हटलं तर फेकू नका. बहुधा फायनलाइझ केलेली (रेकॉर्डिंगनंतर बंद केलेली) नसते. कॅमेरा चालू असेल तर त्यातूनच फायनलाइझ करा, नसेल तर आयसोबस्टर आत काय आहे ते दाखवतो. आणि ही छोटी डिस्क ट्रे नसलेल्या, फटीतून ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका.

डिस्कवर व्हिडिओ_टीएसऐवजी डीव्हीडी_आरटीएव्ही फोल्डर दिसला तर ती व्हीआर (व्हिडिओ रेकॉर्डिंग) मोडमधली आहे. त्यातली एकच मोठी व्हीआरओ फाइल, तीत सगळी रेकॉर्डिंग सलग. श्रिंक ती उघडणार नाही. आधी सुटी करून नवीन बांधणी.

---

पाचवा_कोपरा

आमच्याकडे तर त्याहून जुन्या व्हीसीडी आहेत, तीन-तीन सीडींचे संच. त्या एका डीव्हीडीवर?

---

मध्यलहर

मजेत बसतात. व्हीसीडी म्हणजे एमपेग-१, ३५२ गुणिले २८८, चित्र ११५० आणि आवाज २२४ किलोबिट. या दराने साध्या डीव्हीडीवर सात तासांच्या वर जातात. हे चित्र डीव्हीडीच्या नियमात आहे तसंच चालतं, पुन्हा एनकोड करू नका, फुकट खराब होईल. आवाज मात्र ४४.१ किलोहर्ट्झचा असतो आणि डीव्हीडीला ४८ लागतो. तेवढा बदला.

एमपेगएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल संगणकावर घेतली की तिच्यावर आरआयएफएफचं वेष्टण येतं आणि काही सॉफ्टवेअर ती ओळखत नाहीत. एफएफएमपेगने न दाबता नुसती कॉपी करून एमपीजी करा. आणि ८०० एमबीची फाइल ७०० एमबीच्या सीडीवर कशी, असा प्रश्न पडला तर : व्हीसीडीच्या सेक्टरमध्ये चूक-दुरुस्तीची जागाही चित्रालाच दिलेली असते. म्हणूनच ओरखडा पडला की व्हीसीडी डीव्हीडीपेक्षा लवकर दगा देते. त्या आधी उतरवून घ्या, डीव्हीडी नंतर.

---

फुलपात्र

दुसऱ्या ड्राइव्हवर ९९ च्या पुढे गेली, चार सेक्टर राहिलेत. सेलच्या वेळांसकट व्हीओबी बांधली, बटणं चालतात. पण प्लेअरवर आवाज चित्राच्या किंचित मागे येतोय, सुरुवातीपासून सारखाच.

---

मध्यलहर

सारखाच मागे असेल तर विलंबाचा आकडा उलट्या चिन्हाने गेलाय किंवा गेलाच नाही. लॉग परत बघा, उणे असेल तर मक्समॅनमध्येही उणेच. वाढत जात असता तर गाळलेल्या फ्रेमकडे बोट दाखवलं असतं. आणि पुढची चाचणी आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या) डिस्कवर करा, उगाच कोऱ्या आर डिस्क खर्चू नका.